बिनचमकीचा पडदा

कोंडाबाईने लॅपटॉपसमोर उभं राहून पदर नीट केला, कपाळावरचं कुंकू करंगळीने सारखं केलं, पुढे आलेली बट कानामागे टाकली आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "आरसा झ्याक हाय. आता त्ये लॅपटॉप दावा की."

दुकानात उभी असलेली कॉलेजची दोन पोरं फिसकन हसली. दुकानाचा मालक प्रणेश हसला नाही. गुलबर्ग्यात धंदा करायचा तर गिऱ्हाईक गेल्यावर हसावं, हे त्याला कळत होतं. "अक्का, हाच लॅपटॉप," असं म्हणून त्याने बटण दाबलं. आरशात हिरवीगार टेकडी उगवली. पण कोंडाबाईचं लक्ष त्याच्या तोंडाकडे नव्हतं, त्यामुळे तो काय म्हणाला हे तिला कळलंच नाही.

धुळाप्पाने बायकोच्या खांद्याला हात लावला. ती वळली. त्याने आवाज न करता नुसते ओठ हलवले, हेच हाय ते.

"आस्सं व्हय?" कोंडाबाई पुन्हा टेकडीकडे बघत म्हणाली. "मग मी कामून दिसायलेय ह्याच्यात?"

श्रीदेवी पाच वर्षांची असताना कोंडाबाई विषमज्वराने अंथरुणाला खिळली. ताप उतरला तो कान घेऊनच उतरला. तेव्हापासून ती माणसांचे ओठ बघून ऐकते. मराठी बघते, कानडी बघते, बाजारातल्या बागवानाचं हिंदीही बघते. तिच्या गावच्या, मादन हिप्परग्यातल्या बायका तिच्याविषयी काही बोलायचं असलं की कुजबुजत नाहीत, सरळ पाठ करून मोठ्याने बोलतात. धुळाप्पाला त्या वेळी भरघोस मिशी होती. त्याच्या आज्याची होती, बापाची होती, मेंढरामागे हिंडणाऱ्या त्या घरात मिशी ही एकच वस्तू न विकता पुढे आली होती. बायकोला वरचा ओठ दिसेना म्हणून त्याने ती एका सकाळी उतरवली. हायस्कुलात तो शिपाई. तिथे मास्तर लोक म्हणाले, धुळाप्पाने फॅशन केली. त्यानेही व्हय म्हणून टाकलं. कारण सांगण्यापेक्षा फॅशन मान्य करणं त्याला सोपं वाटलं.

असा हा कमी बोलणारा माणूस गेली तीन वर्षं दोन बायकांच्या मधला टेलिफोन झाला होता.

एक बायको. दुसरी लेक श्रीदेवी, कुवेतच्या एका दवाखान्यात नर्स. आमच्या भागात लेक मामाच्या घरात द्यायची रीत आहे. कोंडाबाईने आपल्या भावाला, सिद्धरामला, पोरगी पाळण्यात असतानाच शब्द देऊन ठेवला होता. पोरगी पाळण्यातून उतरली, शाळेत गेली, गुलबर्ग्याला नर्सिंग शिकली आणि व्हिसा हातात पडल्यावर घरी येऊन म्हणाली, मी चालले. सिद्धरामने बहिणीच्या घरी येणं-जाणं तोडलं. तेव्हापासून कोंडाबाईने लेकीचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. "तुमची पोरगी" म्हणायची. पण फोन वाजला की चुलीवरचं टाकून पहिली यायची ती हीच. नवऱ्यासमोर मांडी घालून बसायची आणि त्याच्या ओठांवरून नजर हलवायची नाही. पलीकडून लेक बोलायची, धुळाप्पा ते ओठांनी बायकोला द्यायचा. शेवटी विचारायचा, तिला काय सांगू?

"काय न्हाई," कोंडाबाई नुसत्या ओठांनीच म्हणायची.

आता "काय न्हाई" हे कुवेतला कसं पाठवायचं? ते धुळाप्पाला जमेना. मग तो बायकोकडे पाठ करायचा आणि फोनमध्ये म्हणायचा, "माय म्हणायलीय, येळेवर जेवत जा." पुढच्या वेळी, "माय म्हणायलीय, तुज्या मामाचं मी बघून घेते." ज्या माणसाने चाळीस-पन्नास वर्षांत कुणाशी खोटं बोलल्याचं कुणाच्या ऐकण्यात नव्हतं, त्याने आयुष्यभराचं शिलकीत पडलेलं सगळं खोटं काढलं आणि बायकोच्या नावावर जमा केलं.

पण श्रीदेवीही शेवटी कोंडाबाईचीच लेक. तिला हे गोड बोलणं पचेना. दोन वेळा सुट्टी मिळाली तरी ती आली नव्हती. मागच्या महिन्यात तिने पैसे पाठवले आणि फोनवर सांगितलं, "अप्पा, लॅपटॉप घ्या. मला माय समोर दिसाया पायजे. पुढल्या महिन्यात सुट्टी हाय. यायचं का न्हाई, त्ये मी तिच्या तोंडानं ऐकल्यावर ठरवते."

हे एवढं मात्र धुळाप्पाने बायकोला सांगितलं नाही. लॅपटॉपवर पोरगी दिसती, एवढंच सांगितलं. कोंडाबाई गुलबर्ग्याला जायच्या दिवशी नवं लुगडं नेसून धुळाप्पाच्या आधी बसथांब्यावर जाऊन उभी राहिली.

"अण्णा, हा ग्लॉसी," प्रणेश सांगत होता. प्रणेश म्हणजे हायस्कूलचे जुने हेडमास्तर हणमंतराव यांचा मुलगा, त्यामुळे धुळाप्पाला परक्या दुकानात गेल्यासारखं वाटत नव्हतं. "काचेवाणी गुळगुळीत. रंग बघा, कसे उसळायलेत. शंभरातले नव्वद लोक आता हाच नेतात."

"आन ऱ्हायलेले धा?"

"ते बँकवाले, कचेरीवाले. त्यांना मॅट लागतो." प्रणेशने खाली वाकून काउंटरच्या पोटातून एक जाडजूड काळा लॅपटॉप वर काढला. त्याचा पडदा शाळेच्या पाटीसारखा होता. "ह्याच्यावर उजेड पडला की विखरून जातो, परत डोळ्यात घुसत नाही. रंग जरा फिके. आणि कळा नाही बघा ह्याला."

"शोभेना म्हणून खाली ठेवलाय," बिलं लिहीत बसलेली प्रणेशची बायको नेत्रा मान वर न करता म्हणाली.

"तुम्ही घरात बसून बघणार का बाहेर?"

"माळवदावर," धुळाप्पा म्हणाला. "खाली डोंगलला रेंजच न्हाई. आन पोरगी रातपाळी करून खोलीवर येती, तवा आपल्या इकडं ऊन चढल्यालं असतं. सांजच्याला ती पुन्ना दवाखान्यात."

"उन्हात? वर?" प्रणेशने चकचकीत लॅपटॉप मिटवला. "मग इचारायचं कामच नाही. मॅट घ्या."

"पर ह्यो चमकता झ्याक दिसायलाय," धुळाप्पा घाईने म्हणाला. "ह्योच द्या. बांधा."

एक छत्री घ्यायला दोन आठवडी बाजार पालथे घालणारा हा माणूस. प्रणेश त्याच्याकडे बघतच राहिला. "अण्णा, उन्हात ह्याच्यात काय दिसणार नाही. तुमचंच तोंड दिसंल."

"दिसू द्या की."

धुळाप्पा काय हिशोब करत होता हे उघड आहे. पडद्यावर लेकीचे ओठ दिसले नाहीत, तर मधला टेलिफोन लागणारच. तो बाजूला बसेल, लेकीचं ऐकेल, बायकोला ओठांनी देईल आणि लेकीला वाटेल तसं उत्तर देईल. झालं ते झाकून राहील, पोरगी घरी येईल. समोरासमोर आल्यावर मायलेकी एकमेकींच्या गळ्यात पडतील, तिथे कोण विचारणार की कोण काय म्हणालं होतं! हा बेत फार वाईट होता असं मला वाटत नाही. त्याच्यात फक्त कोंडाबाईला धरलेलं नव्हतं.

आणि कोंडाबाई सगळा वेळ प्रणेशच्या ओठांकडे बघत होती.

"उन्हात न्या की दोनी," ती म्हणाली. "बघू तरी."

प्रणेशने नेत्राला कॅमेऱ्यासमोर बसवलं. "बोल काय तरी."

"काय बोलू?"

"काही पण. आवाज नाहीच लावायचा."

आवाज नाही म्हटल्यावर नेत्राला धीर आला. ती कॅमेऱ्याकडे बघून हसत हसत दोन वाक्यं बोलून मोकळी झाली. प्रणेशने ते पेनड्राइव्हवर घेऊन दोन्ही लॅपटॉपवर टाकलं आणि दोन्ही दुकानाच्या पायरीवर, रणरणत्या उन्हात नेऊन ठेवले.

कोंडाबाई आधी चकचकीत लॅपटॉपसमोर उकिडवी बसली. डोळे बारीक केले, मान इकडे केली, तिकडे केली. "ह्याच्यात मी हाय. आटो हाय. तारंवरचा कावळा हाय. ही बाई कुटं हाय?"

मग ती काळ्या लॅपटॉपकडे सरकली. पडदा फिका होता, नेत्राची लाल साडी विटकरी दिसत होती. पण नेत्रा दिसत होती. कोंडाबाई वाकली. तिचे स्वतःचे ओठ हळूहळू हलायला लागले आणि आपला आवाज किती मोठा आहे हे ठाऊक नसलेल्या माणसाच्या आवाजात तिने सबंध गल्लीला वाचून दाखवलं, "'सकाळधरनं ह्या माणसानं मला चहा पिलीस का म्हणून इचारलं न्हाई. गिऱ्हाईक आलं की ह्यांना बायको म्हंजे खुर्ची-टेबल!'"

समोरचा पानवाला टाळ्या पिटून हसला. नेत्राने तोंड पदरात लपवलं. प्रणेशने कानाच्या पाळ्या लाल होईतो इकडेतिकडे बघितलं आणि चहा सांगितला, पहिला कप बायकोला.

हसणं ओसरलं तरी कोंडाबाई पायरीवरून उठली नव्हती. व्हिडिओ संपला होता. पडद्यावर नेत्राचा थांबलेला चेहरा होता. त्याच्या कडेवरून तिने एकदा बोट फिरवलं आणि मान वर करून नवऱ्याला म्हणाली, "अवो, माजी श्रीदेवी बोलंल त्ये बी ह्याच्यात असंच दिसंल?"

तीन वर्षांनी ते नाव तिच्या तोंडातून आलं होतं, आणि तेही "माजी" लावून.

धुळाप्पाच्या हातात चहाचा कप होता. तो त्याने न पिताच पायरीवर ठेवला.

"प्रणेशराव," तो म्हणाला, "काळाच बांधा."

परतीच्या बसमध्ये कोंडाबाईने खोकं मांडीवर घेतलं ते आळंदला उतरेपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही. तिला काही सांगायचं तर आधी खांद्याला हात लावून तिचं तोंड आपल्याकडे वळवावं लागे. धुळाप्पाने वाटेत एकदा तसा हात उचललाही. तेवढ्यात कंडक्टर आला. धुळाप्पाने त्या उचललेल्या हाताने तिकिटं घेतली आणि बरं झालं म्हणून पुढे बघत बसला.

रविवारी ऊन चढल्यावर दोघं माळवदावर गेली. शेजारच्या माळवदावर चंद्रभागाबाई मिरच्या वाळत घालत होती. आज तिच्या मिरच्यांना फार हलवावं लागत होतं. धुळाप्पाने पाटावर लॅपटॉप ठेवला, डोंगल खोचलं, प्रणेशने शिकवलेली बटणं एकेक करून दाबली. सावली करावी म्हणून घोंगडी दोन्ही हातांनी वर धरून उभा राहिला.

"सरा तिकडं," कोंडाबाईने त्याला हाताने बाजूला केलं. "काय गरज न्हाई त्याची. मला समदं दिसायलंय."

घंटी वाजली. पडदा काळा झाला, मग उजळला, आणि त्या फिक्या पाटीवर श्रीदेवी आली. डोळ्यांखाली रातपाळी होती. अंग भरलं होतं थोडं.

"माय!" ती म्हणाली.

कोंडाबाई पडद्याशी सरकली. नुसती बघत राहिली. मेंढरं घरी परतल्यावर प्रत्येकाच्या अंगावर हात फिरवून कोण लंगडतंय, कुणाला काटा लागलाय बघतात, तसं बघत राहिली.

"माय, मी हळू बोलायलेय बघ. कळायलंय का तुला?"

कोंडाबाईने मान हलवली.

"माय, अप्पा सांगत व्हते. तू म्हणलीस म्हणं, 'तुज्या मामाचं मी बघून घेते, तू मन लावून काम कर, येळेवर जेवत जा.' मी त्या एका बोलावर इतं ऱ्हायले. न्हाई तर कवाच पळून आले असते, न्हाई तर येड लागलं असतं. खरं सांग माय. तू म्हणलीस त्ये? का अप्पाच म्हणले?"

चित्र अडकलं. श्रीदेवी तोंड उघडं ठेवून तशीच थांबली. धुळाप्पाने मनातल्या मनात त्या टॉवरला हात जोडले, पड रं बाबा, आजच्या दिवस पड. टॉवर पडला नाही. चित्र हललं.

कोंडाबाई पडद्यापासून नवऱ्याकडे वळली. तिच्या गळ्यातून आवाज निघाला नाही. फक्त ओठ हलले. घरात भांडण झालं तर शेजाऱ्यांना कळू नये म्हणून दोघं अशीच भांडत आली होती.

मी कवा म्हणले?

धुळाप्पाचेही ओठ हलले. पोळ्याच्या वक्ताला.

आनखी काय म्हणले?

ती आजारी पडली तवा तू रडलीस.

आन?

मैलारला नवस बोललीस. मल्लण्णाला.

कसला?

पोरगी बरी झाली की बसथांब्यापासनं देवळापातूर अनवाणी जाईन. डोक्यावर भंडाऱ्याची परात.

माज्या टाचा बघितल्यात का कवा? बोलायचाच व्हता तर सोताच्या पायाचा बोलायचा की! एवढं म्हणून कोंडाबाई थांबली. मागचं काहीतरी तिला आता पोचलं होतं. ती आजारी व्हती?

व्हय. दवाखान्यातच ठेवली व्हती धा दिस.

मला कामून सांगितलं न्हाई?

धुळाप्पाने हातातली घोंगडी बाजूला टाकली. मग ओठ हलवले. तू इचारलंच न्हाईस.

चंद्रभागाबाईला पलीकडून एवढंच दिसलं की नवरा-बायको एकमेकांकडे बघून तोंडं हलवताहेत आणि आवाज येत नाही. ती मिरच्या सोडून कठड्याशी आली.

कोंडाबाईची मान खाली गेली होती. नवसाची ही गोष्ट वाचणाऱ्याला गमतीची वाटेल, पण आमच्याकडे दुसऱ्याच्या नावाने बोललेला नवसही ज्याच्या नावाने बोलला त्यालाच फेडावा लागतो. नवरा तिच्या नावावर देणं करून बसला होता. पण त्याच नावावर त्याने आणखीही काही ठेवलं होतं. लेक परमुलखात आजारी पडली, तेव्हा तिची आई तिच्यासाठी रडली होती. देवाच्या पाया पडली होती. कोंडाबाईने जे केलं नव्हतं ते सगळं कुवेतला पोचलं होतं, आणि त्याच्यावर तिची पोरगी जगली होती.

कोंडाबाईने पदराने तोंड पुसलं आणि पडद्याकडे वळली.

"म्हणले व्हते," ती एवढ्या मोठ्याने म्हणाली की खालच्या गल्लीत सायकलवरून जाणाऱ्या माणसाने पाय टेकला. "समदं मीच म्हणले. तुजा बाप कशाला म्हणंल? त्येला बोलता येतंय व्हय?"

श्रीदेवीने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. तिचे खांदे हलायला लागले.

"हात काड तोंडावरला!" कोंडाबाई ओरडली. "मला दिसंना तू काय म्हणायलीस!"

लेकीने हात काढला. नाक-डोळे वाहत होते, पण ओठ दिसत होते.

"हां, असं. आता ऐक. मैलारचा नवस ऱ्हायलाय माजा. तू बरी हून आल्यालं देवाला दावल्याबिगर त्यो फिटायचा न्हाई. कवा येतीस त्ये सांग. मामाकडं मी जाते उद्याच्याला. शब्द माजा व्हता, मीच परत घेईन. तू कवा येतीस?"

पडद्यावर श्रीदेवीचे ओठ हलले. धुळाप्पाला ऐकू आलं, पण आज पहिल्यांदाच ते कुणाला सांगायचं नव्हतं. कोंडाबाईने ते त्याच्या आधीच वाचलं होतं.

"पैल्या शुक्रवारी!" ती म्हणाली. "सकाळच्या इमानानं! मग हैदराबादवरनं बीदरच्या गाडीत बस, तितंच येते मी. तितनंच मैलारला जाऊ."

"काय म्हणायली गं श्रीदेवी?" चंद्रभागाबाईने कठड्यावरून निम्मी पुढे येऊन विचारलं.

धुळाप्पाने हात लांब करून लॅपटॉपचा आवाज बंद केला. कोंडाबाईला आवाजाचं काही नव्हतं, आणि बाकी गल्लीचं तो काही देणं लागत नव्हता. आता लेकीचं बोलणं एकट्या तिच्या आईपुरतं झालं. त्यालाही ते कळेनासं झालं.

मघाशी बाजूला टाकलेली घोंगडी त्याने माळवदावर अंथरली आणि जरासा टेकला. टेकल्यावर त्याला आडवं व्हावंसं वाटलं. मधे कोंडाबाई गल्लीतल्या नव्या सुनेचं सांगत होती, मग शाळेला रंग दिल्याचं, मग धुळाप्पाचं पोट सुटल्याचं. ती सांगायची, थांबायची, पडद्याकडे बघायची, हसायची, पुन्हा सांगायची. त्या थांबण्यात लेक काय म्हणत होती, कोण जाणे. धुळाप्पाने विचारलं नाही. त्याचे ओठ किंचित उघडे पडले होते आणि तो घोरत होता. ते तिला ऐकू येत नव्हतं.

ऊन सरकत त्याच्या तोंडावर आलं. कोंडाबाई पडद्यावरची नजर काढायला तयार नव्हती. तिने बोलता बोलता एका हाताने मागे चाचपून घोंगडीचं टोक शोधलं आणि त्याच्या डोळ्यांवर ओढून घातलं.